चिकट झालेला टेपरेकॉर्डर: मळ समजून पुसत बसायच्या आधी

मशीन म्हणजे हँडलवाला रेडिओ-कम-कॅसेट प्लेअर, साधारण २००० सालच्या आसपासचा. त्या काळात इलेक्ट्रॉनिक वस्तूंना ते काळं, हाताला मखमली लागणारं फिनिश द्यायची लाट आली होती, तसलंच याचं पुढचं पॅनल, वरचा भाग आणि हँडल, मागची बाजू मात्र साध्या करड्या प्लास्टिकची. मालक माझ्या मित्राचे वडील. काकांनी हे वर्षानुवर्षं त्याच्याच फोमवाल्या केसमध्ये, वायर अंगाभोवती गुंडाळून ठेवलेलं आणि आता घरच्यांचे आवाज भरलेल्या जुन्या कॅसेट ऐकायच्या म्हणून काढायला गेले तर ते केसमधून सुटेना. ओढून काढलं तेव्हा फोमचे कण पॅनलला चिकटून आले, बोट लावलं की ठसा उमटतोय, प्ले दाबलं की मोटर फिरल्याचा आवाज येतोय पण कॅसेट जागची हलत नाही, खालचे रबरी पाय टेबलावर काळे गोल सोडतायत आणि मागे जिथे वायर टेकली होती तिथे प्लास्टिकमध्ये वायरच्याच आकाराची खाच पडलेली. काकांची तक्रार एका वाक्यात होती, "सगळंच चिकट झालंय रे, एकदा नीट पुसून दे."

पुसून द्यायचं काम नव्हतंच ते. पण त्याआधी मी जे नेहमी विचारतो ते विचारलं की काका, यावर आत्तापर्यंत काय काय लावून झालंय. हे विचारणं फार गरजेचं असतं कारण आधी काय फासलंय त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. तर आधी ओलं फडकं फिरवलं होतं, त्याचे धागे चिकटून बसले. मग टाल्कम पावडर, "पावडर लावली ना की मस्त कोरडं लागतं, पण थोडे दिवसच." मग कुणीतरी सांगितलं म्हणून बिजागऱ्यांना आणि गंजलेल्या स्क्रूंना मारतात तो पेट्रोलियमवाला स्प्रे. आता त्या पॅनलवर मूळचा चिकटा, त्यात रुतलेली पावडर आणि वर तेल असा करडा लगदा झाला होता, शिवाय पावडर व्हॉल्यूमच्या नॉबच्या फटीतून आत गेलेली, नॉब फिरवला की स्पीकरमधून खरखर.

पावडरवर माझा राग आहे तो याच्यासाठी. टाल्क हे खनिज आहे, ते ना विरघळतं ना उडून जातं, ते चिकट थरावर नुसतं बसतं आणि हळूहळू आत रुततं, मग परत चिकट लागायला लागतं आणि माणूस परत पावडर मारतो. प्रत्येक वेळी थर जाड होतो आणि शेवटी काढायला बसणाऱ्याला दुप्पट काम. ज्यात पोटेन्शिओमीटर (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग), स्लायडर, फिरणाऱ्या पुली असं काही आहे त्या वस्तूवर तर पावडर नकोच.

मुळात हे चिकट का होतं ते थोडं समजून घ्या, मग पुढचे निर्णय आपोआप पटतील. त्या मखमली फिनिशला लोक रबर म्हणतात पण ते ओतीव रबर नसतं, तो रंगाचा थर असतो, पॉलियुरेथेनचा, कडक प्लास्टिकवर स्प्रेने मारलेला, जाडी मिलिमीटरच्या अगदी छोट्या अंशाची. पॉलियुरेथेन तसं जुनं, ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत शोधलं, पण त्याचे प्रकार बरेच. मऊपणा यावा म्हणून त्यात ज्या लांब साखळ्या वापरतात त्या पॉलिएस्टरच्या असल्या तर त्यातले एस्टरचे दुवे हवेतल्या दमटपणाने हळूहळू तुटतात, यालाच हायड्रोलिसिस म्हणतात. दुवा तुटला की एका टोकाला अल्कोहोलचा गट राहतो आणि दुसऱ्याला ॲसिडचा, आणि गंमत म्हणजे, गंमत कसली वैतागच म्हणा, तेच ॲसिड पुढचे दुवे तुटायला मदत करतं. म्हणून बरीच वर्षं काहीच होत नाही आणि मग एकदा सुरू झालं की बघता बघता सगळं पॅनल हाताला यायला लागतं. पॉलिईथर जातीचं पॉलियुरेथेन पाण्याला बरंच जास्त टिकतं, पण बाहेरून बघून कुठलं आहे ते कळत नाही.

यातून एक गोष्ट निघते आणि बाकीचं सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे. हा चिकटा बाहेरून येऊन बसलेला नाहीये, तो थर स्वतःच तुटून चिकट झालाय. तुटलेल्या साखळ्या घरी बसून परत जोडता येत नाहीत, त्यामुळे "चिकटपणा घालवून मूळचं मखमली फिनिश ठेवायचं" हा पर्याय मुळात अस्तित्वातच नाही. वरचा चिकट पापुद्रा पुसला तर खालचा अर्धवट तुटलेला थर उघडा पडतो आणि काही दिवसांनी तोही चिकट होतो. एक तर सगळा थर काढा नाहीतर आहे तसं सहन करा.

पण हे झालं त्या थराबद्दल. काकांच्या मशीनमध्ये चिकट झालेल्या गोष्टी एका जातीच्या नव्हत्या आणि बरेच लोक इथेच फसतात, एक औषध मिळालं की तेच सगळीकडे चोळत सुटतात. म्हणून आधी तपासणी. बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या कडेला, जिथे दिसत नाही तिथे, आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी थोडी घासली, काडी काळी झाली आणि खाली कडक चकचकीत प्लास्टिक दिसलं. म्हणजे हा थर, काढता येण्यासारखा. तेच खालच्या पायावर केलं तर काडी काळी झाली पण खाली परत तेच मऊ रबर, नख दाबलं तर खळगा पडतोय आणि भरून येत नाहीये, म्हणजे हे अख्खं ओतीव, यातून काढून काढून काय काढणार, बदलायचंच. वायरवर काळं काहीच आलं नाही, तेलकट चिकट काहीतरी आलं, वायर स्वतः मात्र धड. ही तीन उत्तरं तीन वेगळ्या रोगांची. चौथा रोग आत होता, तो खोलल्यावर दिसला.

काकांना पटवायला वेळ लागला तो वेगळ्याच मुद्द्यावर. पॅनलवरची पांढरी अक्षरं, प्ले-स्टॉप-रेकॉर्डची चिन्हं, बँडची नावं, ही सगळी त्या मखमली थराच्या वर छापलेली होती. थर गेला की अक्षरंही जाणार. काका म्हणाले, "मग कुठलं बटण कसलं ते कळणार कसं?" रास्त प्रश्न. सगळ्या बाजूंचे सरळ समोरून, उजेडात, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढले म्हणजे नंतर त्याच मापाची अक्षरं करता येतील, आणि सुदैवाने कॅसेटच्या बटणांवरची चिन्हं साच्यातच कोरलेली निघाली, वरचा पांढरा रंग गेला तरी खाच राहणार होती. हे बघून ते तयार झाले. ज्यांच्याकडे अशी वस्तू आहे त्यांनी काही करायचं नसलं तरी फोटो तेवढे आत्ताच काढून ठेवा.

मग खोललं. प्लग काढलेला, बॅटऱ्या काढलेल्या हे सांगायला नको, तरी सांगतो. बाहेरून पुसत बसण्यापेक्षा बॉडीचे दोन्ही भाग सुटे करून बोर्ड, स्पीकर, मेकॅनिझम सगळं बाजूला काढलं, कारण एकदा नुसतं प्लास्टिक हातात आलं की पाणी, साबण, ब्रश काय वाटेल ते वापरता येतं आणि अल्कोहोल स्विचमध्ये शिरून तिथला चिकटा आणखी आत ओढून नेईल ही भीती राहत नाही. डायलची पारदर्शक पट्टीही क्लिपा सोडवून काढली, हे विसरू नका. असल्या पट्ट्या बहुतेक वेळा ॲक्रिलिकच्या असतात आणि ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकला अल्कोहोल लागलं की त्यात बारीक बारीक तडे जातात, ते पुसून जात नाहीत. ती पट्टी फक्त साबणाच्या कोमट पाण्याने धुतली.

पहिल्यांदा तेल घालवलं, भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी, मऊ ब्रश. हे आधी न करता थेट अल्कोहोल लावलं असतं तर तेल नुसतं इकडचं तिकडे झालं असतं. सुकल्यावर मुख्य काम. आयपीए ९९ टक्केवालं घेतलं, ७० टक्केवालं पण चालतं पण हळू चालतं आणि जास्त घासावं लागतं. टिश्यू पेपर आयपीएमध्ये भिजवून पॅनलवर अंथरायचे, वरून पातळ प्लास्टिकची फिल्म झाकायची म्हणजे अल्कोहोल उडून जात नाही, थोडा वेळ तसंच ठेवायचं, मग फिल्म उचलून जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडायचं. थर फुगून सुरकुतलेला असतो, लांबच लांब पट्ट्यात निघतो, बघायला फार बरं वाटतं खरं तर. धातूची पट्टी किंवा ब्लेड घेऊ नका, थराखालच्या कडक एबीएस प्लास्टिकवर ओरखडा पडला की तो कायमचा. खरवडलेलं लगेच दुसऱ्या टिश्यूने उचलून फेकून द्यायचं आणि टिश्यूची बाजू सारखी बदलायची, नाहीतर तोच विरघळलेला काळा राडा तुम्ही पॅनलभर पसरवत राहता आणि वाटतं की निघतच नाहीये. हातात नायट्राइलचे ग्लोव्हज, खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नाही ठिणगी नाही, आयपीएची वाफ १२ अंश सेल्सियसच्या आसपासच पेट घेण्याइतकी होते, म्हणजे घरातल्या साध्या तापमानाला ते कायमच पेटायला तयार असतं.

इथे एक मजेशीर गोष्ट दिसली. जिथे हात जास्त लागायचा, म्हणजे हँडल आणि नॉबच्या आजूबाजूला, आणि जिथे केसचा फोम टेकलेला होता तिथे थर आयपीएने लगेच सुटला, पण हँडलच्या खाली जी जागा झाकलेली असते तिथे तो अजून धडधाकट, कोरडा, आणि आयपीएला अजिबात दाद देत नव्हता. बरोबरच आहे, न तुटलेल्या साखळ्या एकमेकींत जाळ्यासारख्या बांधलेल्या असतात, त्या अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत, तुटलेल्याच सुटतात. आता ती धड जागा तशीच ठेवायची की काढायची? मोह होतो ठेवायचा. पण एकाच वयाचा एकाच फवाऱ्यातला थर आहे, आज नाही तर अजून काही वर्षांनी चिकट होणारच, म्हणून तीही काढली. तिथे खायच्या सोड्याची घट्ट पेस्ट लागली, सोडा थोडा अल्कलीही आहे आणि थोडं बारीक घासणारंही, टूथब्रशने गोल गोल घासून मग परत आयपीए. काही लोक यासाठी ओव्हन साफ करायचं कॉस्टिकवालं क्लीनर वापरतात, अल्कलीने एस्टरचे दुवे झपाट्याने तुटतात हे खरं, पण त्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि या मशीनच्या डायलभोवती ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवलेली होती, त्यामुळे मी त्या वाटेला गेलो नाही. डोळ्यांना आणि कातडीलाही ते वाईटच.

आणि ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर, चुकूनही नाही. थर नक्की निघेल पण त्याबरोबर खालचं एबीएसही विरघळेल, पॉलिस्टायरिन असेल तर अजूनच. थिनरचंही तेच. स्पीकरच्या जाळीची भोकं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, एकेका भोकात चिकटा अडकलेला, तिथे जाळी काढून आयपीएमध्ये बुडवून ब्रशनेच काम होतं, शॉर्टकट मला तरी माहीत नाही.

काका मधे येऊन बघून गेले आणि विचारलं की हेअर ड्रायरने वाळवलं असतं तर नसतं का झालं, त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की चिकट टेप भाजून नीट करतात. ऐकलं ते खरं आहे. १९७० आणि ८० च्या दशकातल्या बऱ्याच स्टुडिओ रीळ टेपांमध्ये चुंबकीय कण धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टर-युरेथेनचाच होता, त्यालाही हाच हायड्रोलिसिसचा रोग लागतो, टेप हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि किंचाळते, आणि ती साधारण ५४ अंश सेल्सियसला कित्येक तास ठेवून तात्पुरती चालवण्यालायक करतात. पण तात्पुरतीच, काही आठवड्यांत कॉपी करून घ्यायची असते कारण चिकटा परत येतो. टेपच्या बाबतीत ते परवडतं, एकदा आवाज उतरवून घेतला की काम झालं, पॅनलला मात्र रोज हात लावायचाय. आणि हा रोग मुख्यतः रीळ टेपांचा, साध्या कॅसेटमध्ये क्वचित. काकांच्या कॅसेटमध्ये जे बिघडलं होतं ते वेगळंच, टेपला हेडवर दाबणारं ते छोटं लोकरी पॅड असतं ना, त्याचा गोंद वाळून काही कॅसेटमधून पॅड गळून पडलेले. त्या कॅसेट भाजून काहीच उपयोग झाला नसता.

आता बेल्ट, म्हणजे मोटरची फिरकी पुढे पोचवणारा रबरी पट्टा, प्ले का होत नव्हतं ते यातच होतं. मेकॅनिझमचं मागचं झाकण काढलं तर बेल्ट नावाची वस्तूच शिल्लक नव्हती, मोटरच्या पुलीवर, फ्लायव्हीलच्या (वेग एकसारखा ठेवणाऱ्या जड चाकाच्या) कडेवर आणि मधल्या पत्र्यावर काळा, डांबरासारखा लगदा पसरलेला. हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून खरं वाटत नाही. आणि शेजारीच टेप किती फिरली ते दाखवणाऱ्या काउंटरचा छोटा गोल बेल्ट होता, त्याच वयाचा, तोच दमटपणा खाल्लेला, तो मात्र कडक होऊन सैल पडलेला पण अजिबात चिकट नाही. वेगळं रबर, वेगळं मरण. रबर जुनं झालं की चिकटच होतं असं नाही, काही जातीत साखळ्या तुटतात म्हणून मऊ चिकट होतं, काही जातीत साखळ्या आपसात जास्त जोडल्या जातात म्हणून कडक होऊन तडकतं, आणि नैसर्गिक रबर तर आधी चिकट आणि मग कडक असं दोन्ही करतं, त्यात तांब्याशी संबंध आला तर ऑक्सिडेशन अजून वेगात. चिकट रबराची तक्रार नवी अजिबात नाही, १८३० च्या दशकात अमेरिकेत रबरी बुटांचे कारखाने निघाले आणि उन्हाळ्यात माल वितळून चिकट झाला म्हणून बसले, चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेची युक्ती सापडली ती याच कटकटीच्या मागे लागून.

हा लगदा काढायला परत आयपीए आणि कापसाच्या काड्या, भरपूर काड्या. यात काजळी असते, कपड्याला, टेबलाला, कातडीला लागला की डाग जाता जात नाही, म्हणून खाली वर्तमानपत्र आणि ग्लोव्हज. आधी प्लास्टिकच्या टोकदार काडीने मोठे गोळे उचलायचे, मग पुसायचं. पुलीच्या खोबणीत एक कणही राहिला तरी नवीन बेल्ट त्यावरून दर फेऱ्याला उडी मारतो आणि गाण्यात थरथर ऐकू येते, त्यामुळे पुली भिंगातून बघितली. कॅपस्टनच्या, म्हणजे टेप ओढणाऱ्या बारीक फिरत्या दांड्यावर लगदा गेलेला नाही ना तेही. बोर्डावर उडालेले शिंतोडे वेगळे साफ केले.

नवीन बेल्टचं माप हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, जुना बेल्टच नाही तर मोजायचं काय? दोरा घ्यायचा, बेल्ट जसा जातो तसाच पुली आणि फ्लायव्हीलभोवती ताणून न धरता फिरवायचा, लांबी मोजायची, आणि त्यापेक्षा साधारण ५ ते ८ टक्के कमी आतल्या परिघाचा बेल्ट घ्यायचा. इथे दोरा २२२ मिलिमीटर आला, बेल्ट २०८ चा घेतला. रुंदी पुलीच्या खोबणीवरून कळते, पट्टीसारखा चपटा आहे की चौकोनी तेही तिथूनच. जास्त घट्ट घेतला तर मोटरच्या बेअरिंगवर ताण येऊन वेग डळमळतो, जास्त सैल घेतला तर कॅसेटच्या शेवटाकडे जिथे जोर लागतो तिथे घसरतो. सहा टक्क्यांच्या आसपास मला बरं वाटतं.

बेल्ट बसवला, मेकॅनिझम फिरलं, पण वेग तपासल्याशिवाय काम संपलं असं म्हणू नये. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, तो थेट मोजता येत नाही म्हणून ३००० हर्ट्झचा सूर भरलेली टेस्ट कॅसेट लावून फोनवरच्या फ्रिक्वेन्सी ॲपमध्ये बघितलं, ३०९० दाखवत होतं, म्हणजे तीन टक्के जोरात. कानाला हा फरक कळतो का, तर एक सेमीटोन म्हणजे जवळपास सहा टक्के, त्याच्या निम्मा फरक, ओळखीचा आवाज किंचित बारीक वाटतो. काकांना तर घरच्यांचेच आवाज ऐकायचे होते, तिथे हे चालणार नाही. मोटरच्या मागच्या भोकातून आतला ट्रिमर (वेग कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) बारीक स्क्रूड्रायव्हरने अगदी हळू फिरवून ३००५ वर आणला आणि सोडून दिलं, त्याच्या पुढे मागे लागण्यात अर्थ नाही कारण मशीन गरम झालं की तेवढा फरक तसाही पडतो.

पिंच रोलर, म्हणजे टेप कॅपस्टनवर दाबून धरणारं रबरी चाक, चिकट नव्हता, उलट गुळगुळीत चकचकीत झालेला, तो साबणपाण्याच्या काडीने साफ केला आणि चालला. असल्या रोलरसाठी रबर मऊ करणारं द्रव मिळतं, त्यात मिथाइल सॅलिसिलेट असतं, ते कडक पडलेल्या रबरासाठी आहे, चिकट रबराला लावलं तर ते आणखी फुगेल. रेडिओच्या बटणांखालचं पॅड सिलिकॉनचं, त्यावर तेलकट ओल आलेली होती, ते सिलिकॉनमधलंच तेल बाहेर झिरपतं, साबणपाण्याने धुऊन वाळवलं, बोर्डावरचे काळे कॉन्टॅक्ट आयपीएने अगदी हलक्या हाताने पुसले, जोरात घासलं तर कार्बनच निघून येतो. व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बराच वेळ फिरवला, पावडरची खरखर बरीच गेली, पूर्ण नाही.

पायांचं आधीच ठरलं होतं. जुने उपटून खालची जागा साफ केली आणि सिलिकॉनचे स्वतः चिकटणारे पाय लावले. दिसायला छान पारदर्शक असे जे गोल बंपर मिळतात त्यातले बरेच पॉलियुरेथेनचे असतात, म्हणजे परत तीच जात घरात आणायची, म्हणून पाकिटावर काय लिहिलंय ते बघून घ्या.

वायरचं मात्र गंभीर. मेनची कॉर्ड पीव्हीसीची, पीव्हीसी मुळात कडक असतं, त्यात प्लॅस्टिसायझर घालून लवचिक करतात, आणि ते प्लॅस्टिसायझर वर्षानुवर्षं पृष्ठभागावर येत राहतं, तोच तो तेलकट चिकटा. ते शेजारच्या प्लास्टिकमध्ये शिरलं की तेही मऊ पडतं, मागची खाच त्यानेच पडलेली, वायरच्या वजनाने किंवा उन्हाने नाही. ती खाच पुसून जाणार नाही, तिथलं प्लास्टिक गेलंय. वॉटर पेपर ८०० पासून २००० पर्यंत मारून कडा जरा बोथट केल्या, आता कमी दिसते, आहे तर आहेच. कॉर्ड मी साफ करून परत दिली नाही. प्लॅस्टिसायझर गेलेलं पीव्हीसी पुढे कडक होऊन तडकतं आणि मेनच्या वायरचं इन्सुलेशन ही काटकसर करायची जागा नव्हे, सुटी होणारी कॉर्ड होती, तशीच नवीन दिली. आतून सोल्डर केलेली असती तरी बदललीच असती.

आता उघडं पडलेलं काळं प्लास्टिक. मला ते तसंच आवडलं, थोडं चकचकीत, साच्याच्या एकदोन रेषा दिसतात. काकांना सुरुवातीला ते "नागडं" वाटलं. वरून परत मऊ टचचा रंग मारायचा विचार त्यांनी बोलून दाखवला, त्याला मी सरळ नाही म्हटलं, जो रोग काढायला एवढं घासलं तो परत डब्यातून विकत का आणायचा. मॅट ॲक्रिलिक स्प्रे मारता येतो, पण आधी पृष्ठभागावर आयपीएचा आणि चिकट्याचा अंश अजिबात राहता कामा नये, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. शेवटी रंग नाही, फक्त फोटोवरून मापं घेऊन पांढऱ्या चिकट अक्षरांची पट्टी केली, बँडची नावं आणि टोनच्या नॉबचे आकडे, बाकी बटणांच्या खाचांमध्ये पांढरा रंग भरून वरचा पुसून घेतला. मूळच्यासारखं दिसतं असं म्हणणार नाही, वाचता येतं.

यावरून लगेच कुणी मल्टिमीटरचं रबरी कव्हर किंवा कॅमेऱ्याची ग्रिप आयपीएने सोलायला बसू नका, तिथे गणित वेगळं आहे. मल्टिमीटरचं ते जाड कव्हर ओतीव असतं, त्याला वरचा थर नाही, आयपीएने वरचा चिकटा जातो आणि काही महिन्यांनी आतला परत येतो, कव्हर सुटं होत असेल तर काढून टाका आणि नसेल तर अधूनमधून साबणपाण्याने धुणं एवढंच करता येतं. कॅमेऱ्याची ग्रिप डबल साइड टेपवर बसवलेली असते, रबर फुगून सैल झालं की नवीन ग्रिप बसवणं हाच शहाणपणा. आणि हाताला डास पळवायचं क्रीम लावून असल्या कुठल्याच वस्तूला हात लावू नका, त्यातलं डीट बऱ्याच प्लास्टिकला आणि रबराला विरघळवतं, नव्या कोऱ्या वस्तूवरही बोटांचे ठसे कायमचे उठतात.

काही महिन्यांनी मशीन परत बघायला मिळालं. पॅनल कोरडं, पण हँडलच्या बिजागरीच्या आत जिथे ब्रश पोचला नव्हता तिथून थोडा चिकटा परत बाहेर आलेला, हँडल सोडवून ती जागा परत घासली. बेल्ट ठीक, वेग जवळपास तिथेच. फोमवाली केस मात्र काकांनी अजून टाकली नव्हती, "केस चांगली आहे रे, चेन पण चालते." तिच्यातला फोमही बहुतेक पॉलियुरेथेनचाच, हात लावला की भुगा होतोय, त्यात वस्तू परत ठेवायची म्हणजे त्याचे कण आणि त्यातून सुटणारं ॲसिड दोन्ही अंगावर घ्यायचं. फोम खरवडून काढून फक्त बाहेरची पेटी ठेवायची यावर तडजोड झाली, आत सुती कापड, सिलिका जेलच्या पुड्या, त्या मधूनमधून वाळवून परत घालायच्या, वायर वेगळ्या कापडी पिशवीत, अंगाभोवती गुंडाळायची नाही, आणि महिन्यातून एकदा तरी थोडा वेळ कॅसेट वाजवायची, आणि बंद करताना प्ले दाबलेलं ठेवून प्लग काढायचा नाही, नाहीतर पिंच रोलर कॅपस्टनवर दाबलेलाच राहतो आणि त्याला खळगा पडतो.